शाळेतलं इंजेक्शन

"हात सैल सोड गो बाय. मूठ आवळलीस की सुईला राग येतो."

पापडीच्या शाळेत इंजेक्शन द्यायला आलेल्या सिस्टर हे इतक्या हळू बोलायच्या, की सुई टोचून बाहेर आली तरी पोरी पुढच्या शब्दाची वाट बघत उभ्या राहायच्या. इनेझ तेव्हा नववीत होती. रांग सरकत सरकत तिच्यापाशी आली, दंडावर स्पिरिटचा गार बोळा फिरला, सिस्टर "झालं" म्हणाल्या आणि तळहातावर लिमलेटची गोळी ठेवून त्यांनी मागच्या मुलीला पुढे ओढलं. तेवढीच ती गोष्ट. आयुष्यभर आठवावी अशी काही ती नव्हती.

पण आज, विरारच्या ऑफिसात कानाला हेडफोन लावून बसलेली असताना, तो आवाज तिला आतून ऐकू आला. कारण बाहेरून एक अनोळखी बाई नेमकं त्याच इंजेक्शनाबद्दल बोलत होती.

"बायांनो, ऐका गो. शाळेत पोरींना ती कॅन्सरची लस देनार हायत ना, कागदावर सही करू नका. मागे पापडीच्या शाळेत असंच एक इंजेक्शन दिलेलं. त्यातली एक आपल्याच बाजूला दिलीय, वटारला. सोन्यासारखी पोर. शिकलेली, सरकारी कामाला. पन घरात पाळना नाय हलला. तिच्या घरच्यांनीच सांगितलंय, खोटं कशाला बोलू?"

इनेझने मोबाइलवरून फिरत आलेला तो आवाजी निरोप पुन्हा लावला. मग पुन्हा.

"मॅडम, पाठ करून नाटकात काम करणार आहात का?" समोरच्या टेबलावरून अश्लेषा हसली. ही चंदनसारला राहणारी मुलगी कक्षात नवीन होती, कामाला चोख आणि तोंडाने फटाकडी. "पण भारी आहे ना? 'घरच्यांनीच सांगितलंय.' प्रत्येक अफवेत एक घरचा असतोच."

"असतो," इनेझ म्हणाली आणि हेडफोन काढून ठेवला.

आरोग्य खात्याच्या त्या कक्षाच्या दारावर भलीमोठी पाटी होती, आणि इनेझच्या नावापुढे 'धोरण व संवाद विश्लेषक' असं लिहिलेलं होतं. वटारच्या बायकांना ते कधी नीट सांगता आलं नाही. थोडक्यात सांगायचं तर, लोक आजाराबद्दल, औषधाबद्दल आपसांत काय बोलतात ते ऐकायचं. एखादी खोटी गोष्ट उठली, की ती कुणाच्या उंबऱ्यातून निघाली, कुठल्या वाटेनं गेली, कुठे पाणी प्यायली आणि कुठे मुक्कामाला राहिली, त्याचा माग काढायचा. मग तिच्यामागून खरी गोष्ट धाडायची. खोटी गोष्ट अनवाणी पळते, खरीला मात्र चपला घालून, इस्त्री करून, वरिष्ठांची सही घेऊन निघावं लागतं. तरी इनेझला ते काम आवडायचं. नव्या मुलांना ती सांगायची, "अफवेमागे खोटारडा माणूस शोधत बसू नका. बहुतेक वेळा तिथे कुणीतरी घाबरलेलं सापडतं."

आज तिला वाटलं, आपण हे अर्धंच शिकवत आलो. कधी कधी तिथे कुणीतरी माया करणारंही सापडतं.

कारण हा उंबरा तिला शोधावा लागणार नव्हता. तो तिचाच होता.

दुपारी डॉक्टर दीपेशनी दोघींना बोलावलं. चांगला माणूस, पण सकाळपासून वरून फोन येत असले की चहा गार होईपर्यंत ढवळत बसायचा.

"वटारच्या पट्ट्यात संमतीच्या सह्या निम्म्यावर आल्यात, इनेझ. बाकी ठिकाणी गाडी व्यवस्थित चाललीय. हे एकाच निरोपामुळे झालंय."

"पोस्टर तयार आहे सर," अश्लेषा म्हणाली. "'लशीमुळे वंध्यत्व येत नाही, अफवांवर विश्वास ठेवू नका.'"

"ते कोण वाचतं? पोस्टरवर लोक भाड्याच्या खोल्यांच्या जाहिराती चिकटवतात." त्यांनी चमचा बाजूला ठेवला. "रविवारी चर्चमधल्या मिसानंतर पॅरिश हॉलमध्ये बायकांची सभा ठेवलीय. फादर फर्डिनंड आपल्या बाजूचे आहेत. तिथे ती बाई, ती पापडीच्या शाळेतली, ती स्वतः उभी राहिली आणि म्हणाली की मला मूल नाही, पण त्याचं कारण ते इंजेक्शन नाही, तर आपलं काम एका वाक्यात होईल. शोधा तिला. तुमच्याच भागातली आहे."

"शोधते, सर," इनेझ म्हणाली.

केबिनबाहेर आल्यावर अश्लेषा कुजबुजली, "मॅडम, पापडी तुमचं माहेर ना? मग ओळखत असाल की हिला."

"शाळेत ढीगभर मुली होत्या गं," इनेझ म्हणाली. स्वतःचा आवाज तिला त्या निरोपातल्या बाईसारखाच परका वाटला.

ते सगळं सुरू झालं होतं एका बाप्तिस्म्याच्या जेवणात. इनेझ आणि युजीनच्या लग्नाला तेव्हा चारेक वर्षं झाली होती. कुणीतरी बाई वाढता वाढता बोलून गेली, "आमच्या युजीनच्या नशिबात काय ते कोरडंच झाड आलं." इनेझची सासू, जिला सगळा गाव आय म्हणायचा, हातातलं पातेलं तिथेच ठेवून घरी निघून आली. रात्रभर तिला झोप लागली नाही. दुसऱ्याच दिवशी ती पापडीला इनेझच्या आईकडे गेली. पोरीला लहानपणी काही दुखणं, काही औषध? इनेझच्या आईने खूप आठवून पाहिलं आणि म्हणाली, तसं काहीच नाही हो, शाळेत सगळ्यांना एक इंजेक्शन दिलेलं तेवढंच. बुडत्या बाईने फांदी पकडावी तशी आयने ते इंजेक्शन पकडलं. त्या दिवसापासून सुनेकडे कुणी बोट दाखवलं, की आय आडवी यायची. "पोरीचा दोष नाय. शाळेत तिला इंजेक्शन टोचलेलं, त्यानं झालं. तिला कोन बोललं तर माझ्याशी गाठ हाय."

आय गाणारी होती. लग्नाच्या मांडवात, हळदीला तिच्याशिवाय पान हलायचं नाही. पहाटे चाफा खुडताना ती आपलंच काहीतरी जुळवत राहायची:

चाफा खुडते सकाळी, देठ जपून जपून,
लेक परक्याची आनली, तिला ठेवते झाकून.

आयने जुळवलेलं गाणं जसं गावभर व्हायचं, तसं हे इंजेक्शनही झालं. आता ते कुणाच्या तरी मोबाइलमध्ये शिरलं होतं, एवढंच.

खरं कारण इनेझला त्या बाप्तिस्म्याच्याही आधीपासून ठाऊक होतं. ठाण्याच्या एका दवाखान्याच्या जिन्यात युजीनने तिचा हात धरून सांगितलं होतं, "आयला नको सांगू." तपासण्या झाल्या होत्या, तिच्यात काही उणं नव्हतं. उणं युजीनमध्ये होतं. डॉक्टरांनी विचारलं होतं, वयात येताना गालगुंड झालं होतं का, त्यानं पुढे मूल न होण्याचा धोका असतो. झालं होतं, पंधराव्या वर्षी. दोन्ही गाल सुजून तोंड उघडत नव्हतं, ताप मेंदूत जाईल म्हणून सगळे घाबरले होते, आणि आयने त्याला दवाखान्यात न नेता उशाशी बसून गेरूचा लेप लावून बरं केलं होतं. अजूनही ती ते कौतुकानं सांगायची. "डॉक्टरचं तोंड नाय बघितलं माझ्या पोरानं."

"तिला कळलं तर ती मरेपर्यंत स्वतःला खात बसेल, इनेझ," युजीन म्हणाला होता. "आता काय बदलणार आहे? माझ्यासाठी एवढं गप्प राहा."

आणि ती गप्प राहिली. आय सुनेला झाकत होती, सून नवऱ्याला, नवरा आईला. कुणाचा काही वाईट हेतू नव्हता. तिघं एकाच पांघरुणात निजलेली, आणि आत श्वास कोंडलेला फक्त तिचा. ऑफिसात लोकांना बोलतं करायचं, घरी ओठ शिवून बसायचं. दिवसाची दोन टोकं तिने आजवर निभावून नेली होती. आज ती एकमेकांना येऊन भिडली.

संध्याकाळी ती स्कूटीवरून पूल ओलांडून पश्चिमेला उतरली. इमारती मागे राहिल्या, केळीच्या बागा लागल्या, तरी तिला मोकळं वाटेना. दारात डायनाची चप्पल दिसली. डायना ही तिची जाऊ, युजीनच्या धाकट्या भावाची, केनीची बायको. बागेच्या पलीकडच्या घरात राहायची. स्वयंपाकघरात आय माशाला मसाला लावत होती, डायना ओट्याला टेकून उभी होती, आणि डायनाची लेक ब्रिटनी फुटबॉलच्या चिखलाळ मोज्यांसकट खुर्चीवर पाय घेऊन बसली होती.

"काकी, तू तरी सांग ना मम्माला," ब्रिटनीने आल्या आल्या तोंड उघडलं. "माझ्या टीममधल्या अर्ध्या पोरींच्या मम्मांनी सही केली. मीच काय घाबरट दिसणार का?"

"अर्ध्यांनी केली ना? उरलेल्या अर्ध्यांत आपण," डायना म्हणाली. "आणि पाय खाली घे आधी. आयच्या खुर्चीला शेणाचा वास येतोय."

"शेण नाय ते, ग्राउंड हाय. युजीनकाकाच बोल्ला, डाइव्ह मार."

"काका बोलेल विहिरीत मार, मारशील?"

इनेझने पर्स खुंटीला लावली. "डायना, सही कर गं. मी रोज हेच बघते. गेल्या वर्षी एका बाईच्या घरी गेले होते, तुझ्याएवढीच असेल. गर्भाशयाच्या मुखाच्या याच कॅन्सरची पेशंट. मला विचारत होती, माझ्या पोरीला तरी होणार नाही असं काही आहे का? तेव्हा शाळेत द्यायला सरकारकडे लस नव्हती. आता आहे."

डायनाने ओट्यावरचा मसाल्याचा डाग बोटाने पुसला. "वहिनी, राग मानू नको. तू शिकलेली हायस, खरंच बोलत असशील. पण तुझ्याकडे बघितलं ना, की माझा हातच थांबतो."

"डायना!" आयचा मसाल्याचा हात हवेत थांबला. "जिभेला काय हाड? तिची काय चूक? तिला काय माहीत होतं तेव्हा?" मग ती इनेझकडे वळली, आणि तिचा आवाज एकदम लोण्यासारखा झाला. "तू मनाला लावून नको घेऊ, बाय. मी बायकांच्या मंडळात सगळ्यांना सांगितलंय. तुला आता कोन नाव ठेवनार नाय."

"आय, पण लशीने तसं काही होत नाही," इनेझ म्हणाली. "त्या इंजेक्शनानेही नव्हतं झालं."

"मग कशानं झालं?"

आयने टोमणा मारला नव्हता. खरोखर विचारलं होतं, मान कलती करून. ब्रिटनी काकीकडे बघत होती, डायनाही बघत होती. मागच्या दारात, दुसऱ्या दिवशी बाजारात न्यायचा चाफा बांधायला केळीची पानं कापत बसलेला युजीन मान खाली घालून कापतच राहिला.

"माहीत नाही," इनेझ म्हणाली.

"मग?" आय म्हणाली, आणि माशाकडे वळली.

दिवेलागणीला ती बागेत गेली. युजीन पानं पाण्यात भिजवत होता. गावातल्या मुलींना फुटबॉल शिकवणारा हा माणूस. मैदानावर त्याची हाक चर्चच्या पायरीपर्यंत जायची. घरात त्याचा आवाज ऐकायला जवळ जावं लागायचं.

"ऐकलंस ना?"

"ऐकलं."

"ऑफिसात तो निरोप आलाय, युजीन. माझं नाव नाही त्यात, बाकी सगळं आहे. साहेबांनी मला सांगितलंय, त्या बाईला शोध आणि रविवारी सगळ्यांसमोर उभी कर."

तो थोडा वेळ पानं उलटीपालटी करत राहिला. "तुझ्याकडे असतं ना काहीतरी तयार. असं वाक्य की काम पण होईल आणि..."

"असतं की. 'प्रत्येक जोडप्याची कारणं वेगळी असतात, तो त्यांचा खाजगी प्रश्न असतो.' मीच लिहिलंय. छान वाक्य आहे, कुणाला पकडता येत नाही. आणि ते ऐकून प्रत्येक बाई घरी जाताना म्हणते, बघ, लपवतात." ती खाली बसली. "डायना माझ्याकडे बघून सही करत नाही. तुझ्या टीममधल्या पोरींच्या आया माझ्याकडे बघून सही करत नाहीत. उद्या त्यांतल्या एकीला काही झालं तर मी कुठे तोंड लपवू? आणि लपवायचं तरी किती दिवस?"

"आय कोसळेल, इनेझ."

"आणि मी?"

त्याने पुढचं पान पाण्यात बुडवलं. तिला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. कोरडं झाड, तिच्या मनात आलं, आणि तिला चक्क हसू फुटलं.

"ऐक," ती उठत म्हणाली. "तुझी गोष्ट मी सांगणार नाही. ती तुझी आहे. पण मी खोटंही बोलणार नाही, ते गुळगुळीत वाक्यही बोलणार नाही. कुणी विचारलं तर मी नुसती उभी राहीन. मग लोकांनी काय समजायचं ते समजू दे."

रविवारी हॉल भरला. म्हाताऱ्या बायका लाल लुगडी नेसून पुढे बसल्या होत्या, त्यांत आय मधोमध, सुनेचं भाषण म्हणून कानांत ठेवणीतले दागिने घालून. लेकीसुना मागे. दाराशी युजीन आणि केनी कमी पडलेल्या खुर्च्या आणत होते. फादर फर्डिनंड म्हणाले, "आज मी प्रवचन देत नाही, म्हणून घाबरू नका, लवकर सुटका होईल," आणि बायका हसल्या.

डॉक्टर दीपेश इनेझकडे वाकले. "ती बाई आली आहे का?"

"आली आहे, सर."

"बोलेल?"

"माहीत नाही."

इनेझ माइकसमोर उभी राहिली आणि चांगलं बोलली. आजार कसा होतो, वर्षानुवर्षं कसा गुपचूप वाढतो, लस वेळेत घेतली तर काय टळतं. तिने एकही जड शब्द वापरला नाही. बायका माना हलवत होत्या. डॉक्टर दीपेशचा चेहरा सैल होत गेला.

मग डायना उठली. मुद्दाम नाही, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. तिचा एक हात ब्रिटनीच्या खांद्यावर होता.

"वहिनी, सगळं समजलं मला. तू बोललीस ते पटतं पण. एकच सांग. मग तुला मूल का नाय झालं? एवढं सांग, मी इथेच सही करते."

डॉक्टर दीपेशनी चमकून इनेझकडे पाहिलं, आणि त्यांना कळलं. त्यांनी नजर जमिनीकडे वळवली. दाराशेजारी उभ्या अश्लेषाचा हात तोंडावर गेला.

इनेझने माइक धरला होता. ते गुळगुळीत वाक्य जिभेच्या टोकावर येऊन बसलं, पाळलेल्या मांजरासारखं. तिने ते बाहेर येऊ दिलं नाही. ती उभी राहिली. सगळा जन्म जिने शब्द जुळवले, ती भरल्या सभेत शब्दाविना उभी राहिली, आणि माइकमधून फक्त तिचा श्वास ऐकू येत राहिला.

बायकांत कुजबुज झाली. आय ताडकन उठली.

"तिला कोन विचारतं असं? लाज नाय वाटत?" तिचा गाणारा आवाज चिरकला. "पोरीच्या जिवाला काय कमी डागन्या दिल्यात? सांगितलं ना मी, इंजेक्शनानं झालं! तिची चूक नाय! सोडा तिला!"

"आय..." इनेझ म्हणाली, पण तो शब्द माइकपर्यंत पोचलाच नाही.

मागे खुर्च्यांची चळत धाडकन खाली आली. युजीन त्या तशाच टाकून मधल्या वाटेनं पुढे येत होता. केनी "अरे" म्हणाला, तो थांबला नाही. तो माइककडे गेला नाही, इनेझकडेही नाही. आयसमोर येऊन तो उकिडवा बसला आणि तिचे दोन्ही हात त्याने हातात घेतले. तो बोलला आईशी, पण मैदानावर हाक मारावी तसा, शेवटच्या रांगेपर्यंत.

"आय, बस. ऐक माझं. मला गालगुंड झालं होतं ना, त्यानं झालंय हे. डॉक्टरनी सांगितलंय, आम्हाला कधीचं माहीत हाय, मीच इनेझला गप्प बसवली. तू माझ्या उशाशी बसलीस, तुझं काही चुकलं नाय. पन हिच्यात पन काही कमी नाय. मूल मला होत नाय, आय. मला."